स्वतःचं स्वतः करतात का?

“आजी चालतात का? स्वतःचं स्वतः करतात का?”

२०१९ च्या जूनमध्ये हा प्रश्न मी पाच दिवसांत अकरा जणांच्या तोंडून ऐकला. सासूबाईंच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आईंच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हॉस्पिटलात एकोणीस दिवस काढल्यावर डॉक्टर म्हणाले, “आता इथे ठेवून करण्यासारखं काही नाही, घरी न्या.” घर म्हणजे चेंबूरमधला वन बीएचके, आम्हा दोघांच्या नोकऱ्या आणि मुलीची बारावी. म्हणून मी कर्जत, बदलापूर, पनवेल, वसई असे मिळतील तिथले नंबर जमवून एकेका वृद्धाश्रमाला फोन लावत होते. ‘नाही हो, पलंगावरून उठत नाहीत’ असं म्हटलं की पलीकडचा आवाज जरा खाली यायचा. “मग नाही जमणार ताई. आम्ही चालतं-फिरतं माणूसच घेतो.”

तेव्हा मला राग यायचा. माणूस चालत-फिरत असताना कोण कशाला दुसरीकडे ठेवेल? आता तेवढा राग नाही. पलंगावरच्या माणसाला किती हात लागतात, ते पुढच्या साडेचार वर्षांत कळलं. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. पुढे तो मला आणखी दोनदा भेटला, आणि दोन्ही वेळा फार वेगळ्या कामासाठी विचारलेला होता.

आई घरीच आल्या. हॉलमध्ये भाड्याची फाउलर खाट, म्हणजे डोक्याची-पायांची बाजू वर करता येणारी हॉस्पिटलसारखी खाट, लागली. घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या एका ब्यूरोतून दिवसाच्या मावशी आणि रात्रीच्या मावशी अशा बारा-बारा तासांच्या दोन ड्यूट्या ठरल्या. दोघींची गाठ पडायची ती सकाळ-संध्याकाळ आठला, तीही दारात चपला घालता-काढताना. निरोप राहून जायचे. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एका फुलस्केप वहीत रकाने आखले: वेळ, कूस, लघवी, शी, खाणं, औषध, शेरा. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे वॉर्डातल्या सिस्टरनं बजावून सांगितलं होतं. डावी, पाठ, उजवी, पाठ. पानंच्या पानं या तीन शब्दांनी भरली आहेत. शेऱ्याच्या रकान्यात मात्र मावशी आपल्या मनाचं लिहायच्या. ‘आज आजी हसल्या.’ ‘माकडहाडापाशी लाल दिसतंय, ताईंना दाखवलं.’ ‘नातीला ओळखलं नाही, मग रडल्या.’

२०२३ च्या डिसेंबरात आई गेल्या. खाट दुकानात परत गेली, एअरबेड आणि व्हीलचेअर दुसऱ्या गरजू घरी गेली. चौदा वह्या राहिल्या.

माझी बत्तीस वर्षं बँकेत गेली. रकाना दिसला की नजर आपोआप खाली बेरजेकडे जाते. एका दुपारी त्या वह्या चाळताना वाटलं, ही एका घराची नोंद झाली. या शहरात आत्ता, या क्षणी, अशा किती वह्या चालू असतील? त्यांची बेरीज कुणाकडे असेल? मुलगी आता अर्थशास्त्रात एमए करते. तिच्या लॅपटॉपवर आम्ही दोघी रविवारी-रविवारी सरकारी आकडे वाचायला बसलो. या आकड्यांतलं पुष्कळ काही कुणालाही उघडून बघता येतं, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

सुरुवात जनगणनेपासून केली. २०११ मध्ये देशात साठी ओलांडलेली माणसं सुमारे १०.४ कोटी होती, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होतं. बृहन्मुंबईची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाखांच्या वर होती. पुढची मोजणी २०२१ ची, ती लांबली; आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होणार आहे. मी त्या तारखा कागदावर लिहून बराच वेळ बघत बसले. २०११ मध्ये आई ठणठणीत होत्या, गणना करायला आलेल्या शिक्षिकेला त्यांनीच चहा केला होता. २०२७ मध्ये त्या नसतील. त्यांचं आजारपण, त्यांची खाट, त्या चौदा वह्या, सगळं दोन जनगणनांच्या मधल्या फटीत येऊन गेलं.

एकेका वर्षाच्या वयाचा तक्ता उघडला तर त्यात मधूनमधून उंच सुळके दिसतात. साठला, पासष्टला, सत्तरला माणसं एकदम वाढतात आणि एकसष्ट, एकाहत्तरला पुन्हा कमी होतात. जन्मतारीख ठाऊक नसली की माणूस शून्य किंवा पाच गाठतो आणि वय सांगून मोकळा होतो. लोकसंख्येच्या अभ्यासकांना ही गोष्ट जुनी आहे, आकडे वापरताना ते तिची दुरुस्ती करून घेतात. मला मात्र त्या सुळक्यांत आईच दिसल्या. ‘सत्तर लिहा,’ असं त्यांनी त्या शिक्षिकेला सांगितलेलं मी ऐकलं होतं. धाकट्या दिरांच्या जन्मावरून हिशेब केला तर त्या बहात्तरच्या तरी होत्या.

नंतर ‘लासी’ सापडला. लाँजिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया. देशभरातल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना २०१७-१८ मध्ये घरी जाऊन भेटून केलेली ही पाहणी आहे, आणि त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जायचं असा तिचा बेत आहे. पहिल्या फेरीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. ती करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला आहे, गोवंडी स्टेशन रोडवर, आमच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. आई आजारी असताना त्या रस्त्यावरून मी कितीदा तरी डायपरची खोकी घेऊन आले होते.

त्या अहवालात तो प्रश्न मला दुसऱ्यांदा भेटला. कपडे घालणं, खोलीतल्या खोलीत चालणं, अंघोळ, जेवण, अंथरुणात पडणं-उठणं, आणि संडासला जाऊन बसणं-उठणं. या सहा गोष्टींपैकी कोणती करताना अडचण येते? वृद्धाश्रमाच्या ऑफिसातली बाई फोनवर एका दमात विचारायची तेच इथे सहा तुकडे करून विचारलेलं होतं. फोनवर तो प्रश्न आईंना दाराबाहेर ठेवत होता, आणि इथे तोच त्यांच्यासारख्यांना मोजून आत घेत होता. मला भरून आलं. कुणीतरी देशभर हिंडून हे विचारलं होतं.

उत्तर असं की साठीच्या पुढच्या २४ टक्के लोकांना या सहांपैकी किमान एका कामात अडचण येते. स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचे व्यवहार, औषधं वेळेवर घेणं अशा जरा वरच्या पायरीवरच्या कामांचं विचारलं तर ४८ टक्क्यांना किमान एक काम जड जातं. आकडा वाचताना घाई करू नये, हे मी बँकेत शिकले. २४ टक्के म्हणजे चारातला एक अंथरुणाला खिळलेला, असा अर्थ नाही. यात ज्यांना केवळ गुडघ्यांमुळे भारतीय संडासात बसून उठता येत नाही असे आजोबा आहेत, आणि ज्यांना घास भरवावा लागतो अशा आमच्या आईही आहेत. दोघांना लागणाऱ्या मदतीत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्याला भिंतीला एक दांडी आणि कमोड पुरेल. दुसरीला चोवीस तास माणूस हवं.

मी आमच्या सोसायटीत हिशेब करून पाहिला. छत्तीस घरं. साठीच्या पुढची एकोणतीस माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत. ओट्याला धरून अंघोळ करणारे, जिन्यावर अडलेले, रात्री नातवाचा हात धरून उठणारे असे सात निघाले. सात म्हणजे २४ टक्केच. एका इमारतीवरून काही सिद्ध होत नाही, हे कळतं मला. पण त्या सातांपैकी दोघांच्या घरी असं काही आहे हे मला वीस वर्षं शेजारी राहूनही माहीत नव्हतं. आपल्याकडे आजारपण दाराआड राहतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना विस्मरणाचा आजार आहे, हे त्यांच्या सुनेनं मला लिफ्टमध्ये, हळू आवाजात सांगितलं. ‘लासी’च्याच एका जोड-अभ्यासातून २०२३ मध्ये अंदाज निघाला की साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे. तो आकडा मी तिला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे मी एकटी नाही तर.”

मग वेळेचे आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस, त्याचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात माणूस काय करत होता याची नोंद. माझ्या वहीचाच थोरला भाऊ म्हणा. २०२४ चे आकडे सांगतात की घरातल्या कुणाची तरी देखभाल करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी १३७ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ७५. यात मोठा वाटा लहान मुलांचा आहे, म्हाताऱ्यांचा वेगळा काढून बघावा लागतो. शिवाय ही सरासरी त्या दिवशी असं काम केलेल्यांचीच आहे.

पण माझं मन अडकलं ते आकड्यात नाही, कामांच्या यादीत. या पाहणीत कामांची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी वापरतात तिच्यात परावलंबी प्रौढ माणसाला अंघोळ घालणं, भरवणं यांना जशी जागा आहे, तशी नुसतं जवळ असण्यालाही आहे. हाताला काम नाही, पण लक्ष तिकडे. रात्रीच्या मावशी खाडा करायच्या त्या रात्री मी हॉलमधल्या सोफ्यावर पडून आईंच्या श्वासाचा आवाज ऐकत असे. सकाळी बँकेत कुणी विचारलं तर ‘झोप नाही झाली’ एवढंच सांगता यायचं. ते काम होतं, हे मला स्वतःलाही कधी वाटलं नव्हतं.

तिसरी भेट दूरदेशीची. यजमानांचे चुलतभाऊ न्यू जर्सीत असतात, त्यांच्या आई, आमच्या काकू, तिथे एका नर्सिंग होममध्ये आहेत. आपल्या मुंबईत नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं किंवा अपेंडिक्स काढायचं छोटं खासगी इस्पितळ. १९४९ च्या नोंदणी कायद्याच्या नावातही शब्द तोच आहे. तिकडे नर्सिंग होम म्हणजे ज्यांचं स्वतःचं स्वतः होत नाही अशांचं राहायचं ठिकाण. भावजींनी व्हिडिओ कॉलवर एक सरकारी पान उघडून दाखवलं. काकूंच्या नर्सिंग होमचं नाव टाकलं की तिथे दर रहिवाशामागे दिवसाला किती वेळ नर्स मिळते, किती वेळ मदतनीस मिळते, किती जणांना अंथरुणाच्या जखमा झाल्या, तपासणीत काय दोष निघाले, सगळं समोर. १९८७ च्या कायद्यानं तिथे प्रत्येक रहिवाशाची ठरावीक नमुन्यात तपासणी सक्तीची केली, आणि त्या नमुन्यात पुन्हा तेच: कपडे, अंघोळ, जेवण, संडास. तिथे तो प्रश्न माणूस आत आल्यावर विचारतात, त्याला किती मदत लागेल ते ठरवायला.

आकड्यांवर डोळे मिटून विश्वास तिथेही ठेवत नाहीत. कर्मचाऱ्यांचे तास पूर्वी नर्सिंग होमवाले स्वतःच भरून द्यायचे. २०१६ पासून ते पगारपत्रकांवरून घेतात, कारण पगाराच्या नोंदी तपासून बघता येतात.

हे बघून मला त्या देशाचा हेवा वाटला, हे कबूल करते. दोन दिवस मी तोच विचार करत होते, की त्यांच्याकडे आहे ते आपल्याकडे का नाही. मग उत्तर माझ्याच बत्तीस वर्षांत सापडलं. बँक हिशेब ठेवते, कारण पैसा तिच्या हातून जातो. तिकडच्या नर्सिंग होममधल्या बहुसंख्य रहिवाशांचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना उचलते. सरकारचा पैसा जातो, म्हणून सरकार दर माणसामागची मिनिटं मोजतं. आपल्याकडे पैसा जातो आमच्या पगारातून, आईंच्या मोडलेल्या एफडीतून, नणंदेनं दर महिन्याला पाठवलेल्या पाच हजारांतून. त्यामुळे हिशेबही आमच्याच फ्रिजवर, फुलस्केप वहीत. गरज मोजायला आपण शिकलो, ‘लासी’नं ती उत्तम मोजली आहे. पण सेवा कुठे आहे, कोण देतं, किती रुपयांना, किती तास, आणि पाठीला जखमा होतात की नाही, यांची बेरीज मला कुठेच सापडली नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. ते कलमही निराधारांपुरतं, आणि ‘शासन स्थापन करू शकेल’ अशा भाषेतलं. माझं ठाम मत आहे की पालिकेच्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक साधी यादी हवी: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घेणारी ठिकाणं, खाटा, दर, ब्यूरो, आणि त्यांच्याकडच्या बायकांना मिळालेलं प्रशिक्षण. २०१९ च्या त्या पाच दिवसांत माझ्या हाती एवढा एक कागद असता तर!

आणि ज्या बायका हे काम करतात त्यांची नोंद हवी. ही नोंद नसणं म्हणजे काय, ते मी २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिलं.

दिवसाच्या मावशी अंबरनाथहून यायच्या, कुर्ल्याला हार्बर बदलून. मार्चमध्ये लोकल थांबल्या. थांबायच्या आदल्या दिवशी त्या दोन साड्या पिशवीत घालून आल्या आणि म्हणाल्या, “मी राहते इथेच. आजींना कोण उलटवणार?” रात्रीच्या मावशींचं येणं बंद झालं होतं, त्यामुळे दिवस-रात्र आम्ही दोघींनी वाटून घेतली. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या. हॉस्पिटलांतल्या लोकांकडे ओळखपत्रं होती. मावशींकडे ब्यूरोच्या लेटरहेडवरची एक चिठ्ठी होती. ती घेऊन त्या कुर्ल्यापर्यंत गेल्या आणि गेटवरून परत आल्या. एका परावलंबी माणसाचा जीव ज्यांच्या हातांवर होता, त्या अत्यावश्यक ठरल्या नाहीत. कोणत्याच यादीत त्यांचं काम नव्हतं. २१ ऑक्टोबरला सगळ्या बायकांना गर्दीची वेळ सोडून लोकलनं जायची परवानगी मिळाली, त्या दिवशी त्या घरी गेल्या. सात महिन्यांत मधे एकदाच, टेम्पोत बसून, त्या अंबरनाथला जाऊन आल्या होत्या. त्यांचा मुलगा दहावी पास झाला, तेव्हाही त्यांचं तोंड आमच्याच घरी, व्हिडिओ कॉलवर गोड झालं. त्या सात महिन्यांच्या वह्यांत त्यांची उभी, गिचमिड अक्षरं आहेत, आणि आईंच्या पाठीला एकही जखम नाही.

गेल्या महिन्यात त्या एका रविवारी आल्या. आता टिळकनगरला एका आजोबांकडे दिवसपाळी करतात. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेलं ई-श्रम कार्ड काढायचं राहिलं होतं. एकोणसाठच्या आतच नोंदणी होते म्हणून मीच मागे लागले होते. आधार कार्ड पुढे करून त्या म्हणाल्या, “वय पन्नास लिहा.” कार्डावर १ जानेवारी १९७० होतं.

“मावशी, यावर तर पंचावन्न होऊन गेलेत.”

“ते शाळेत मास्तरांनी लावलेलं. पन्नासच धरा.”

मला ते तक्त्यातले सुळके आठवले. इतकी वर्षं माझ्या घरात होत्या, वहीत त्यांचं अक्षर होतं, त्यांचं वय मी कधी विचारलं नव्हतं.

पुढचा रकाना व्यवसायाचा. व्यवसायांचं राष्ट्रीय वर्गीकरण मी एव्हाना वाचलेलं होतं. त्यात घरातली साफसफाई करणाऱ्यांचा गट वेगळा, ९१११. घरी जाऊन माणसाची व्यक्तिगत देखभाल करणाऱ्यांचा वेगळा, ५३२२. कागदावर जागा आहे. पण विचारणारा ‘काय करता?’ म्हणतो, सांगणारी ‘लोकांच्या घरी काम’ म्हणते, आणि लिहिणारा पहिल्या गटात टाकतो, असं किती जणींचं झालं असेल. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर मी यादी खाली सरकवत होते. ‘घरकाम’ लगेच सापडलं. बोट त्यावर जाणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“घरकाम नका टाकू ताई. मी पेशंटचं काम करते.”

मी यादी पुन्हा वरपासून वाचायला घेतली. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, खुर्ची ओढली आणि शेजारी येऊन बसल्या.